पाहुण्या वक्त्यांनी पायरी ओळखावी

चर्चच्या संजीवन सभेला (श्रद्धा नव्याने जागवण्यासाठीच्या खास सभेला) बोलावलेले वक्ते व्यासपीठावर चढताच "या मंडळीत आत्मिक मरगळ आहे" असे जाहीर करतात आणि ज्यांनी त्यांच्या मुक्कामाची व जेवणाची सोय केली, ते चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, पहिल्या बाकावर मान खाली घालून ऐकत राहतात. वर्षभराचे बाप्तिस्मे, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या घरच्या प्रार्थना आणि रखडलेले मानधन यांतले या पाहुण्यांना काय ठाऊक? अर्ध्या तासाचा ठरलेला उपदेश दीड तास चालतो (प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षारसाचा पवित्र विधी, मग घाईत उरकायचे!), आणि निघताना कुटुंबांचे फोन क्रमांक पाळकांना न विचारता टिपून घेतले जातात. दुसऱ्याने घातलेल्या पायावर आपण बांधत नाही, असे प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १५व्या अध्यायात सांगतो. हे मात्र बांधलेल्या घरातली माणसेच परस्पर घेऊन जातात.