अवकाश स्थानकासाठी ना-हरकत

"गच्चीवर काठ्या, पट्ट्या अथवा तत्सम वस्तू आकाशाकडे रोखून उभे राहू नये. हुकमावरून." ही सूचना परवा आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फलकावर लागली. तीत माझे नाव नाही. परंतु 'तत्सम वस्तू' बाळगणारा इमारतीत मी एकटाच आहे.

ती वस्तू म्हणजे पोलादी मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसीच्या नळीवर आडवे बसवून घरी केलेला यागी अँटेना. वॉकीटॉकीसारख्या रेडिओ हँडसेटसोबत मिळणारा आखूड रबरी अँटेना अवकाश स्थानकामार्फत बोलायला तोकडा पडतो, म्हणून आम्ही परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी हा खटाटोप करतो. तो जोडण्याचा अडॅप्टर पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानदाराने 'कशाला हवा?' असे न विचारता दिला, ही बाब पुण्यात नमूद करण्याजोगी आहे.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हौशी रेडिओचा रिपीटर आहे. खालून 145.990 मेगाहर्ट्झवर 67 हर्ट्झच्या टोनसह, म्हणजे रिपीटरला ओळख पटवणाऱ्या सुरासह बोलले, की तो आवाज 437.800 वर पुन्हा पृथ्वीवर येतो. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असल्यामुळे ही दुसरी वारंवारता ते येताना सुमारे 10 किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकीच खाली सरकलेली असते. त्यामुळे एका हाताने अँटेना फिरवायचा, दुसऱ्या हातातल्या हँडसेटवर चॅनेल बदलायचे आणि हे सारे फार तर दहा मिनिटांत उरकायचे. नेमक्या याच दहा मिनिटांत तळमजल्यावरचे नाना आपल्या कुरडया वाळल्या की नाहीत हे पाहायला वर आले.

"रेंज येत नाही का?" त्यांनी विचारले.

मी नुसती मान हलवली. नानांनी ते निमंत्रण समजून खुर्ची ओढली.

"कुणाशी बोलताय?"

"अजून कुणाशीच नाही, नाना. अवकाश स्थानक येतंय, सिंहगडाच्या बाजूने."

"म्हणजे अंतराळवीर बोलणार?"

"एरवी नाही. त्याच्यामार्फत दुसरे हॅम बोलतात. चेन्नई, कोलंबो, कुठलेही."

"म्हणजे चारशे किलोमीटर वर जायचं आणि चेन्नईला उतरायचं? अहो, चेन्नईला माझी मेहुणीच असते. देऊ फोन लावून?"

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे संदेशवहनातले अखेरचे मत आपले, अशी त्यांची धारणा आहे. तेवढ्यात कोलंबोच्या एका गृहस्थाची हाक कानात स्वच्छ उमटली. मी माझी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे सांकेतिक नाव, आणि एमके68 हा नकाशावरच्या पुण्याच्या चौकोनाचा संकेत सांगण्यासाठी बटण दाबणार, तोच नानांनी 'आम्हालाही ऐकू द्या की' म्हणत इयरफोनची वायर उपटली आणि कोलंबो आमच्या गच्चीवर खरखरू लागले.

"अहो, तो बिचारा वाट बघतोय! उत्तर द्या ना!"

मी उत्तर दिले. बटण सोडले तेव्हा तिसऱ्याच कुणाचे बोलणे चालू होते, कारण रिपीटरवर एका वेळी एकालाच जागा असते.

"तुमचं पोचलं का?"

"कळत नाही. या सेटवर बोलताना ऐकू येत नाही."

"आमच्या तातडीच्या लायटनिंग ट्रंककॉलला आठपट पैसे पडायचे, पण ऐकू यायचं," नाना म्हणाले. "लायसन्स आहे?"

"आहे."

"फलकावर लावलंय?"

मग त्यांनी इस्रोचे असे काही नाही का, असे विचारले आणि माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवले. इस्रोने 5 मे 2005 रोजी पीएसएलव्ही-सी6 मधून हॅमसॅट हा हौशी रेडिओचा उपग्रह सोडला होता. 2014 साली त्याच्या बॅटरीने दगा दिला. त्यावरचा ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला संदेश परत पाठवणारे यंत्र, एसएसबी या वेगळ्या प्रक्षेपण पद्धतीसाठी असल्याने माझा एफएम हँडसेट तिथे तसाही चालला नसता. हे सारे मी अँटेना फिरवत, दमछाक करत सांगितले.

"थोडक्यात, उपग्रह होता तेव्हा तुमच्याकडे यंत्र नव्हतं, आणि असतं तरी चाललं नसतं."

इतके अचूक आणि इतके अनावश्यक वाक्य मी अलीकडे ऐकलेले नाही. ते संपेपर्यंत स्थानक येरवड्याच्या पलीकडे उतरले होते आणि हँडसेटमध्ये केवळ खरखर उरली होती. "कुरडयांवर सावली पडते तुमच्या त्या काठीची," असे बजावून नाना खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी सूचना लागली.

याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल कंपनीचा मनोरा अहोरात्र उभा आहे. त्याच्या सावलीत कुणाच्या कुरडया ओल्या राहिल्याचे ऐकिवात नाही, कारण त्याचे भाडे येते. दिवाळीत तिथूनच बाण सुटतात, तेही आकाशाकडेच रोखलेले असतात. पाच वॅटचा आणि सरकारी परवान्याचा तेवढा उपद्रव होतो. मी सचिवांकडे रीतसर अर्ज केला, तेव्हा त्यांनी स्थानकाच्या येण्याच्या वेळा महिनाभर आधी लेखी मागितल्या. स्थानकाची कक्षा अधूनमधून बदलली जाते, त्यामुळे इतक्या आधीच्या वेळा मिनिटाबरहुकूम देता येत नाहीत, हे मी समजावले. त्यावर त्यांनी ती अट माफ केली आणि अर्जाला फक्त तळमजल्याची ना-हरकत जोडायला सांगितली.