सहा महिन्यांच्या बाळाला टीव्ही लावा म्हणणारा तो मेसेज

आधी तो आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, तिथून आमच्या फॅमिली ग्रुपवर, आणि मागच्या रविवारी बहिणीकडे गेले तर हॉलमध्ये तो चक्क अमलात आणणं चालू होतं. भाचा १४ महिन्यांचा. टीव्हीसमोर खुर्चीत बसवलेला, पट्टा लावलेला, तोंड उघडं, माझी आई शेजारी बसून मऊभाताचा घास आत सारतेय आणि घास तोंडात आलाय हे त्याला कळतही नाहीये. "मावशी आली बघ" म्हणून तीनदा हाक मारली, मान वळली नाही. महिन्यापूर्वी हेच पोरगं माझ्या चपलांचा आवाज ऐकून रांगत दारापर्यंत यायचं.

आईला म्हटलं हे काय, तर म्हणाली, "अगं, डॉक्टरांनीच लिहिलंय."

काय लिहिलंय ते थोडक्यात सांगते, तुमच्याकडेही आला असेलच. मेंदूचा ९० टक्के विकास पाच वर्षांत होतो, म्हणून सहाव्या महिन्यापासून रोज तीन तास एज्युकेशनल चॅनल लावा. इंग्रजी राइम्स ऐकून बाळ मातृभाषेसारखं इंग्रजी बोलतं, तोवर घरात मराठी कमी बोला नाहीतर त्याचा गोंधळ होतो. बाळ टक लावून बघतंय म्हणजे एकाग्रता वाढतेय. जेवताना लावलं तर दुप्पट जेवतं. आणि रोज नवीन व्हिडिओ दाखवा, तोच तोच दाखवला तर बुद्धी खुंटते. खाली सही काय, तर "एक अनुभवी बालरोगतज्ज्ञ". नाव नाही, गाव नाही.

बालरोगतज्ज्ञांचा हवाला दिलाच आहे तर त्यांची देशपातळीवरची संघटना काय म्हणते ते बघा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणं स्पष्ट आहे, दोन वर्षांखाली स्क्रीन नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये जवळपास हेच सांगितलंय. मग सहा महिन्यांच्या बाळाला तीन तास हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं?

९० टक्क्यांचं अर्धसत्य आहे, ते मान्य करते. मेंदूचा आकार पाच-सहा वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास जातो हे खरंय. पण आकार वाढला म्हणजे आत काहीतरी भरायची घाई करायची असा अर्थ होत नाही. त्या वयात मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात त्या देवाणघेवाणीतून, बाळ "बा" म्हणतं, आपण "बाबा? बाबा ऑफिसला गेले" म्हणतो, ते हसतं, परत "बा" म्हणतं. टीव्हीला बाळाने काय म्हटलं ते ऐकूच येत नाही, तो आपला पुढचं गाणं लावतो.

आता इंग्रजीचा मुद्दा. यावर थांबून बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतंय.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये पॅट्रिशिया कुह्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग आहे, २००३ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांची बाळं, घरात फक्त इंग्रजी. त्यांच्यातल्या काहींना चिनी, म्हणजे मँडरिन बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून पुस्तकं वाचून दाखवली, खेळणी घेऊन खेळवलं, अशी १२ सत्रं झाली, प्रत्येक साधारण २५ मिनिटांचं. मग तपासलं तर इंग्रजीत नसलेला मँडरिनमधला उच्चारांचा फरक या बाळांना कळत होता, तैवानमध्ये तीच भाषा ऐकत वाढलेल्या बाळांइतकाच. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच पुस्तकं, तीच खेळणी, पण टीव्हीवर दाखवली. काही बाळांना नुसता आवाज ऐकवला. या दोन्ही गटांना काय आलं? काहीही नाही, मँडरिनचा एक शब्दही न ऐकलेल्या बाळांच्या जागीच ती राहिली.

हे परत वाचा. माणूस तोच, शब्द तेच, वेळ तेवढाच, फक्त मधे काच आली आणि शिकणं बंद. समोरचं माणूस आपल्याकडे बघतंय, आपण बघतो तिकडे तेही बघतंय, आपण हात पुढे केला की खेळणं देतंय, यातून बाळाला भाषा येते. आपल्या "चार" मधला च आणि "चांगला" मधला च वेगळा, हे कुणी बसून शिकवलेलं असतं का? आजीच्या मांडीवर ऐकून ऐकून येतं ते.

आणि घरात मराठी कमी बोला? मला या वाक्याचा सगळ्यात जास्त राग आलाय. दोन भाषांनी बाळाचा गोंधळ होत नाही. गोव्यात घरी कोकणी, बाहेर मराठी-हिंदी, शाळेत इंग्रजी अशी पोरं पिढ्यान्‌पिढ्या वाढतायत, मधून मधून शब्द मिसळतात आणि आपोआप वेगळेही होतात. पण या एका वाक्याने माझ्या आईचं काय झालंय ते मी डोळ्यांनी बघितलं. तिला पन्नास तरी बडबडगीतं तोंडपाठ आहेत, आम्हा दोघी बहिणींना तिने बोलून बोलून वाढवलंय, आणि ती बाई आता नातवाशेजारी गप्प बसते आणि मधेच चाचरत "लुक, येलो डक" म्हणते. का, तर आपल्या मराठीने त्याचं नुकसान होईल या भीतीने.

टीव्ही नुसता चालू असला तरी घरातलं बोलणं घटतं हेही मोजलेलं आहे. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात लहान मुलांच्या कपड्यांत रेकॉर्डर ठेवून मोजलं, तर टीव्हीच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द साधारण ७७० ने कमी भरले. रोजचे तीन तास म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

"टक लावून बघतं म्हणजे एकाग्रता". टेलिटबीज या अगदी लहान मुलांसाठीच्या टीव्ही कार्यक्रमाच्या बाबतीत संशोधकांनी एक गंमतशीर गोष्ट केली होती, दृश्यांचा क्रम उलटसुलट केला, बोलणं उलटं वाजवलं आणि बाळांना दाखवलं. सहा आणि बारा महिन्यांची बाळं ते बिघडवलेलंही तितकाच वेळ बघत बसली. दीड-दोन वर्षांच्या मुलांना मात्र फरक जाणवला. म्हणजे वर्षाच्या आतलं बाळ बघतंय याचा अर्थ त्याला समजतंय असा होतच नाही, दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदललं, रंग हलला की नजर आपोआप खेचली जाते. एकाग्रता बघायचीय तर त्याच बाळाला डबा आणि झाकण द्या आणि बाजूला बसून बघा, झाकण लागेपर्यंत कितीदा प्रयत्न करतं ते.

जेवायच्या मुद्द्यावर फार बोलत नाही. पोट भरल्याचं बाळाला कळलंच नाही म्हणून ते जास्त जेवलं, तर त्यात आनंद मानायचं काही कारण नाही.

रोज नवीन व्हिडिओ हा सल्ला तर साफ उलटा आहे. मी ११ वर्षं बालवाडीत शिकवतेय, तीच कोल्ह्याची गोष्ट पोरं सलग आठवडाभर मागतात आणि चौथ्या दिवशी पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणतात, तेव्हा ती त्यांची झालेली असते. अमेरिकेत १९९६ ला सुरू झालेला "ब्लूज क्लूज" हा कार्यक्रम तर एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचा, मुद्दाम, आणि मुलं जसजशी परत बघत गेली तसतशी त्यांची समज आणि उत्तरं देणं वाढत गेलं हे तपासूनही झालंय. त्यात सूत्रधार प्रश्न विचारून खरंच थांबायचा, मुलाला बोलायला वेळ द्यायचा.

म्हणजे टीव्ही वाईटच असं माझं म्हणणं नाहीये. तीन वर्षांच्या पुढे चांगला कार्यक्रम शिकवतो. "सेसमी स्ट्रीट" १९६९ पासून चालू आहे आणि त्याने मुलांना अक्षर-अंक येतात हे वारंवार दिसलंय, आपल्याकडे २००६ मध्ये त्याचंच "गली गली सिम सिम" आलं. मराठीत एवढ्या लहानांसाठी नीट विचार करून केलेलं फार कमी आहे, मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी पुण्यातली बालचित्रवाणी ही संस्थाही बंद पडली, याचं वाईट वाटतं. त्यामुळे निवडून घ्यावं लागतं. मी स्वतः आधी एक भाग एकटीने बघते. चित्र सावकाश बदलतंय का, एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाते का, प्रश्न विचारून थांबतात का, मुलाला कळणाऱ्या भाषेत आहे का. आणि ऑटोप्ले बंद, कारण एक भाग संपला की संपला हे मुलाला दिसायला हवं.

माझी लेक साडेतीन वर्षांची असताना एका भागात काय तरंगतं, काय बुडतं ते दाखवलं होतं. तिने टीव्ही बंद झाल्यावर बादली मागितली. बटाटा बुडला, लिंबू तरंगलं, सालीसकट संत्रं तरंगलं. मग तिने संत्रं सोलून टाकलं आणि ते बुडालं, तेव्हा तिने साल परत संत्र्याला गुंडाळायचा प्रयत्न केला. कार्यक्रम २० मिनिटांचा, बादली दोन तास चालली, मोरीभर पाणी झालं.

बहिणीची अडचण मला कळते. तिची अकरा ते बारा मीटिंग असते, आईला स्वयंपाक करायचा असतो आणि पोरगं पायात येतं. त्यावर मी आईला एवढंच सांगितलं की त्याला स्वयंपाकघरात खाली बसव, एक पातेलं, दोन वाट्या, एक डाव दे आणि तू भाजी निवडताना जे मनात येईल ते मराठीत बोलत राहा. आई म्हणाली, "आणि इंग्रजी?" म्हटलं, येईल गं, आधी त्याला तुझ्याशी तर बोलू दे.

बुधवारी व्हिडिओ कॉल केला. वाट्यांचा इतका आवाज होता की आईचं बोलणं नीट ऐकू येईना. ती म्हणाली, "मावशीला काऊ दाखव." त्याने आधी बंद टीव्हीकडे बघितलं. मग वळून खिडकीकडे बोट केलं.