‘मायकेल क्लेटन’: अन्यायातला आपला वाटा ओळखणारा चित्रपट

टोनी गिलरॉय यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘मायकेल क्लेटन’ हा २००७ सालचा चित्रपट बहुतेकांच्या लक्षात आहे तो एका बलाढ्य कंपनीचे पितळ उघडे पाडणारा थरारपट म्हणून. यू-नॉर्थ नावाची काल्पनिक कंपनी तणनाशक विकते, त्यामुळे शेतकरी कुटुंबांना कर्करोग होतो, कंपनीला हे आधीपासून ठाऊक असल्याचा पुरावा देणारे अंतर्गत टिपण सापडते आणि ते दडपण्यासाठी हत्येपर्यंत मजल जाते. एवढेच कथानक असते तर मला त्याविषयी लिहावेसे वाटले नसते. मला हा चित्रपट मुळात एका आध्यात्मिक प्रश्नाचा वाटतो: अन्यायात आपला हात आहे हे ज्याला खरोखर उमगते, त्या माणसाचे पुढे काय होते?

हा प्रश्न पहिल्यांदा पेटतो तो आर्थर एडन्सच्या मनात. यू-नॉर्थचा बचाव करण्यात सहा वर्षे घालवलेला हा नामांकित वकील एके दिवशी साक्ष नोंदवताना अंगावरचे कपडे उतरवतो आणि ज्यांच्या विरोधात तो लढत होता त्याच लोकांची करुणा भाकू लागतो. त्याला सावरायला आलेला, त्याच्याच वकिली संस्थेत काम करणारा मायकेल त्याच्या नावलौकिकाची आठवण करून देतो, तेव्हा आर्थर म्हणतो की मी गुन्ह्यातला साथीदार आहे. चित्रपटाच्या आरंभी पडद्यामागून ऐकू येणाऱ्या त्याच्या स्वगतात या जाणिवेच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. आपण कार्यालयाच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा आपला पुनर्जन्म झाला असे त्याला आधी वाटते, मग हा मरणापूर्वीचा भ्रम असावा असे वाटते आणि शेवटी कळते की आपण विष बाहेर टाकणाऱ्या एका अजस्र जीवाच्या पोटातून बाहेर आलो आहोत आणि आयुष्याचा मोठा काळ त्याच घाणीने माखलेले होतो. पश्चात्तापाचे इतके शारीरिक वर्णन मी क्वचितच ऐकले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आर्थरला मानसिक आजार आहे आणि त्याने औषधे बंद केलेली आहेत. वेडाला साक्षात्कार म्हणून डोक्यावर घेणे हा आजारी माणसांवर अन्याय ठरतो आणि चित्रपट तो करत नाही. हातात पावांची मोठी पिशवी घेऊन आनंदाने रस्त्यावरून चालणारा आर्थर भाबडा दिसतो, पण मायकेलने त्याला रुग्णालयात डांबण्याचा विषय काढताच तो न्यूयॉर्कच्या कायद्यावर इतके धारदार बोलतो की समोरचा निरुत्तर होतो. त्याचा आजार खरा आहे आणि त्याने पाहिलेले सत्यही खरे आहे. आजाराचे नाव पुढे करून ते सत्य निकालात काढण्याची सोय मात्र सगळ्यांनाच हवी आहे.

मायकेलचे परिवर्तन याहून अवघड आहे, कारण त्याच्याजवळ असा उद्रेक नाही. धनाढ्य अशिलांची लफडी निस्तरणारा, जुगारी, भावासोबत काढलेल्या उपाहारगृहाच्या कर्जात बुडालेला हा माणूस आर्थरच्या हत्येनंतर ते टिपण हाती येऊनही कंपनीच्या वकिलांकडून, म्हणजे आपल्याच मालकांकडून, कर्ज फिटेल एवढा धनादेश घेतो. सत्य त्याच्याकडे आहे आणि त्याने पैसेही घेतले आहेत. यापेक्षा खाली उतरण्याची पायरी नाही. नेमके त्यानंतरच्या पहाटे तो एका टेकडीवर तीन घोडे पाहतो, गाडी थांबवतो, उतरून त्यांच्यापर्यंत चालत जातो आणि मागे त्याच्या गाडीचा स्फोट होतो.

हा प्रसंग आपण दोनदा पाहतो. सुरुवातीला तो निव्वळ योगायोग वाटतो. दुसऱ्यांदा येईपर्यंत आपल्याला ठाऊक झालेले असते की मायकेलचा मुलगा एका कल्पनारम्य पुस्तकात रमलेला आहे, त्याच्याकडून ऐकून आर्थरनेही ते आणले होते आणि आर्थरच्या घरी ते चाळताना मायकेलने त्यात घोड्यांचे चित्र पाहिले होते. त्या पुस्तकातली माणसे एकच स्वप्न पाहतात, पण ते इतरांनाही पडते आहे हे त्यांना माहीत नसते. घोड्यांपाशी थांबण्याचे कोणतेही व्यावहारिक कारण मायकेलजवळ नाही आणि म्हणूनच मी या क्षणाला कृपा म्हणतो. त्याने ती कमावलेली नाही, उलट ती गमावण्यासारखेच सारे केले आहे.

यानंतर तो घड्याळ, पाकीट आणि फोन जळत्या गाडीत फेकून देतो, जेणेकरून तो मेला असे मारेकऱ्यांना वाटावे. डावपेच म्हणून हे सुज्ञपणाचे आहेच, पण आपले मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचे तुकोबांनी सांगितले, त्याची आठवण मला येथे अटळपणे येते. धनादेश घेणारा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा मायकेल त्या आगीत संपतो. म्हणूनच अखेरीस यू-नॉर्थच्या कायदा विभागाची प्रमुख कॅरन क्राउडर हिच्यासमोर तो आर्थरचेच वाक्य उच्चारतो, की मी मृत्यूची देवता शिव आहे, तेव्हा ते पोकळ वाटत नाही. आपल्या परंपरेतला शिव केवळ मारणारा नाही. ज्याचा काळ सरला त्याचा तो लय करतो आणि मायकेलने तो लय आधी स्वतःवर ओढवून घेतलेला असतो.

टिल्डा स्विंटन यांनी ऑस्कर मिळवून देणारी कॅरनची भूमिका केली आहे. आरशासमोर वाक्यांची तालीम करणारी, घामाने भिजलेली, हत्येचा आदेश देतानाही हत्या हा शब्द टाळणारी ही स्त्री क्रूर नाही, ती भेदरलेली आहे. मात्र मला अधिक अस्वस्थ करतो तो मायकेलचा वरिष्ठ मार्टी. हे प्रकरण पहिल्या दिवसापासून कुजलेले होते, असे तो सहज सांगतो आणि इतक्या वर्षांनंतरही आपले पोट कशावर चालते हे तुला समजावायला हवे का, असे विचारतो. आर्थरला जे कळल्यावर जगणे अशक्य झाले, ते मार्टीला सुरुवातीपासून माहीत होते आणि त्या माहितीने त्याची झोप कधी उडाली असावी, असे त्याच्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नाही.