‘चालायला पैसे लागत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

तो मेसेज फिरत फिरत शेवटी आमच्या वहिनीकडेच आला. वहिनी नर्स आहे, वॉर्डातल्या ड्युट्या सांभाळून बायकांच्या चालण्या-व्यायामावर पीएचडी करतेय. मेसेजचं म्हणणं काय, तर नर्सने पेशंट बघावेत, रिसर्च डॉक्टरांवर सोडावा. चालायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे ‘हेल्थ इक्विटी’, म्हणजे निरोगी राहायची संधी सगळ्यांना सारखी मिळावी हे म्हणणं, म्हणजे आळशी लोकांचे बहाणे. आणि दहा हजार पावलं होत नसतील तर चालून उपयोग शून्य.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्येच आकडे आकृतीत मांडून दाखवलं होतं की क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त सैनिक गेले. लोक तब्येतीच्या चांगल्या सवयी का लावून घेतात किंवा घेत नाहीत हे सांगणारं ‘हेल्थ प्रमोशन मॉडेल’ १९८२ मध्ये मांडणारी नोला पेंडरही नर्सच. वॉर्डात नर्स कमी पडतात हे खरंय, तेवढं मान्य, पण तो भरतीचा प्रश्न आहे, वहिनीच्या पीएचडीचा नाही!

खरा संताप आला तो दुसऱ्या मुद्द्याचा. चालायला जिम लागत नाही, कबूल. पण वेळ लागतो, धड रस्ता लागतो, अंधार पडल्यावर न घाबरता घरी येता यावं लागतं. डिस्चार्जच्या कागदावर ‘रोज अर्धा तास चाला’ एवढंच असतं, ते समजावून सांगायला नर्स बसते आणि समोरची बाई गुडघा चोळत विचारते, सिस्टर, कधी चालू? पहाटे कामावर जाते, आल्यावर स्वयंपाक, म्हाताऱ्यांची औषधं, आणि मोकळी होते तोवर रस्त्यावर दिवा नाही. हिला आळशी म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ चे आकडे बघा, जगात पुरेशी हालचाल न होणारे प्रौढ ३१ टक्के, पण पुरुषांमध्ये २९ आणि बायकांमध्ये ३४. आळस हेच कारण असेल तर तो बायकांच्याच वाट्याला जास्त कसा आला, याचं उत्तर मेसेजवाल्याने द्यावं. दिवसभर राबणाऱ्या बाईला स्वतःसाठी अर्धा तास का मिळत नाही, हेच तर वहिनी शोधतेय.

राहिली दहा हजार पावलं. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला, त्याखाली उपयोग शून्य अशी वैद्यकीय मर्यादा म्हणून ठरवलेला नाही. संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आहे, हालचाल किमान सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची ही जुनी अटसुद्धा काढलीय, आणि अजिबात नसण्यापेक्षा थोडी हालचालही बरी असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे जिची तीन हजार पावलं होतात तिला ‘उपयोग शून्य’ सांगून घरी बसवू नका.