खरखरीमागचा लाखेनमान

सध्या एक क्लिप फिरते आहे. एक चेलोवादक (चेलो म्हणजे बसून वाजवायचं थोरलं व्हायोलिनच) गज तारांवर दाबून रगडतो, कानाला खरखर होते आणि खाली मजकूर: ‘जर्मनीचे थोर संगीतकार हेल्मुट लाखेनमान. चाल बांधता येत नाही, लिहिलेलं काही नाही, मनाला येईल तसं खाजवा आणि वर रसिकांनाच अडाणी ठरवा.’ पुढे ढकलायला झकास आहे. टिकत मात्र त्यातलं काहीच नाही.

‘चाल बांधता येत नाही.’ लाखेनमान १९३५चे, स्टुटगार्टच्या पाद्र्याचा मुलगा. तिथेच पियानो आणि रचनाशास्त्र शिकले, मग १९५८ ते १९६० व्हेनिसला इटालियन संगीतकार लुइजी नोनोंकडे. १९८०च्या, पियानोसाठीच्या ‘आइन किंडरश्पील’मधला पहिलाच तुकडा ऐका. ‘हेन्शन क्लाइन’ या बालगीताची लय तशीच, स्वर मात्र सगळ्यांत वरच्या पट्टीपासून एकेक पट्टी उतरत थेट तळाशी. चाल नीट ठाऊक असल्याशिवाय ती अशी उसवता येत नाही. आणि १ जानेवारी २०१८ला स्टुटगार्टच्या नववर्षाच्या मैफलीत ब्याऐंशी वर्षांच्या या गृहस्थांचं ‘मार्श फाताल’ वाजलं: चक्क पाय आपटत चालणारं मार्च!

‘लिहिलेलं काही नाही’ हे तर सपशेल खोटं. क्लिपमधली रचना ‘प्रेसिओं’, १९६९ची, एकट्या चेलोसाठी. तिचं पान नेहमीच्या स्वरलिपीसारखं दिसत नाही एवढं खरं, कारण कोणता स्वर निघावा यापेक्षा हाताने कुठे काय करायचं ते त्यात लिहिलंय. कडेला चेलोचाच नकाशा: घोडी, तारा, बोटांची पट्टी. पुढे रेषा: इथे गज घोडीजवळ न्या, इथे बोट तारेवरून नुसतं सरकवा, इथे दाब वाढवा, इतक्या मात्रा. नावाचा अर्थच मुळी दाब. मनाला येईल तसंच वाजवायचं असतं, तर चाळीस वर्षांनी, २०१०मध्ये, ही लिपी सुधारून पुन्हा काढायचा खटाटोप कशाला? तानपुऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर इकडे-तिकडे सरकवत बसणाऱ्यांना तरी हे नवं वाटू नये. तार कुठे, कशाला, किती टेकते यावरच नाद ठरतो.

राहिला ‘अडाणी’चा मुद्दा. ऐकवत नसेल तर उठून जावं. मीही हे सकाळच्या चहाबरोबर लावत नाही. पण टिंगल म्हणाल तर १९९७ला हॅम्बुर्गमध्ये झालेल्या त्यांच्या ऑपेराकडे बघा. अँडरसनच्या परीकथेतली काडेपेटी विकणारी पोर, बर्फातली रात्र. ती थंडी कुणी गाऊन सांगत नाही. थर्माकोलचे तुकडे एकमेकांवर घासले जातात, फुंकवाद्यांतून नुसता श्वास जातो, आणि ऐकणारा गारठतो. मध्येच गुड्रुन एन्सलिनच्या तुरुंगातल्या पत्राचे शब्द येतात. १९६८मध्ये फ्रँकफुर्टला दुकानं पेटवणारी, पुढे दहशतवादी झालेली ही बाई पाद्र्याचीच मुलगी आणि लाखेनमानांच्या लहानपणच्या ओळखीतली. काडी पेटवणारी दुसरी पोर. हे रसिकांना हिणवणाऱ्याचं काम वाटतं?

शेवटी क्लिपविषयी. ‘प्रेसिओं’ साधारण नऊ मिनिटांची आहे आणि ती रगडारगडी त्यातली थोडकीच. सुरुवातीला बोटं तारांवरून इतकी अलगद सरकतात की मोबाइलच्या स्पीकरवर धड ऐकूच येणार नाही. क्लिप कापणाऱ्याने तो भाग घेतलाच नाही.