'डोनर होण्याआधी हे वाचा' म्हणे! मग हेही वाचा

माझ्या मावसभावाला ब्लड कॅन्सर आहे, एएमएल. त्याचा बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचाय, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगज (मॅरो) किंवा त्यातल्या पेशी दुसऱ्या निरोगी माणसाकडून, म्हणजे डोनरकडून, घेऊन त्याला द्यायच्या. त्याच्या बहिणीची एचएलए टेस्ट (पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळतात का ते बघणारी) पूर्ण मॅच आली. सख्ख्या भावंडांतसुद्धा ही शक्यता साधारण 25 टक्केच असते, त्यामुळे घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी तिला 'डोनर होण्याआधी हे वाचा' असा एक फॉरवर्ड पाठवला. त्यात काय, तर मॅरो मणक्यातून काढतात आणि डोनरला लकवा मारतो, इंजेक्शनने डोनरलाच कॅन्सर होतो, रक्तगट वेगळा असेल तर पेशंट दगावतो, पेशंटचा स्वभाव बदलतो, आणि शेवटी सल्ला की आत्ता हो म्हणून टाका, ऐनवेळी नाही म्हणता येतं. सासूबाईंवर राग नाही, सुनेच्या काळजीपोटीच पाठवला त्यांनी. लिहिणाऱ्यावर मात्र प्रचंड राग आहे.

पहिलं मणक्याचं. मॅरो मणक्यातून काढत नाहीत. कमरेच्या मागच्या बाजूला जे खुब्याचं हाड असतं त्यातून, भूल देऊन काढतात, मज्जारज्जूचा तिथे संबंधच येत नाही. काही दिवस कंबर दुखते, बस. ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, पेशंटला पाठीत सुई टोचतात ते लोकांनी पाहिलेलं असतं, पण ती पाठीतलं पाणी तपासायला किंवा तिथे औषध सोडायला, आणि ती पेशंटला, डोनरला नाही. शिवाय आता बहुतेक वेळा हाडालाही हात लावत नाहीत. चार-पाच दिवस रोज कातडीखाली जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात, त्याने स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, मॅरोतून रक्तात येतात, मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, सेल वेगळ्या होतात आणि बाकी रक्त दुसऱ्या हातातून परत. चार ते सहा तास पडून राहायचं, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा. इंजेक्शनच्या दिवसांत हाडं ठणकतात, डोकं दुखतं, ते खरंय.

मग 'डोनरलाच कॅन्सर'. 2009 मध्ये हिमॅटोलॉजिका या जर्नलमध्ये युरोपातल्या ट्रान्सप्लांट टीम्सचा एक मोठा सर्व्हे आला, 51,024 ट्रान्सप्लांट्सचा. त्यात नंतर रक्ताचा कॅन्सर झालेले डोनर 20, आणि हे प्रमाण एरवी अपेक्षित असतं त्यापेक्षा जास्त नाही. त्यातले 8 तर हाडातून मॅरो दिलेले होते, ज्यात हे इंजेक्शन सहसा देतच नाहीत. त्याच सर्व्हेत 5 डोनर दगावल्याचीही नोंद आहे, ते लपवणार नाही. धोका शून्य नाही, म्हणूनच डोनरची आधी पूर्ण तपासणी करतात आणि नापास झाला तर घेत नाहीत.

रक्तगट वेगळा असला तरी चालतो, मॅच व्हावं लागतं ते एचएलए. पुढे पेशंटचा रक्तगटच बदलून डोनरचा होतो. रक्तातल्या पेशींचा डीएनएही डोनरचा होतो, एवढं त्या मेसेजमधलं अर्धसत्य. स्वभाव रक्तात नसतो, विषय संपला.

आता तो शेवटचा सल्ला, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. डोनरला कुठल्याही टप्प्यावर नाही म्हणायचा हक्क आहे, मान्य, कुणी जबरदस्ती करू शकत नाही. पण ट्रान्सप्लांटआधी पेशंटला कंडिशनिंग देतात, म्हणजे जबरदस्त डोसची केमो, कधी सोबत सगळ्या अंगाला रेडिएशन. त्याचा स्वतःचा मॅरो मुद्दाम मारतात, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात, प्लेटलेट्स खाली जातात, साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं. पूर्ण डोस दिल्यावर तो मॅरो सहसा आपला आपण परत उभा राहत नाही, नवीन सेल मिळाल्या तरच रक्त पुन्हा तयार होतं. आणि त्या घडीला डोनर म्हणाला, नको, तर तो पेशंट जवळपास मेलाच. काही ठिकाणी या भीतीने डोनरच्या सेल आधीच काढून गोठवून ठेवतात. 'ऐनवेळी नाही म्हणता येतं' इतक्या सहज लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने लिहायचंच नव्हतं, आणि माहीत असून लिहिलं असेल तर काय बोलणार.

ट्रान्सप्लांट म्हणजे गॅरंटी नाही, आजार उलटू शकतो, डोनरच्या पेशी पेशंटच्या त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर हल्ला करू शकतात, हे डॉक्टरच सांगतात. पण बहिणीला भीती वाटत असेल तर तिने ती आजच डॉक्टरांसमोर बोलावी, आणि द्यायचंच नसेल तर आजच नाही म्हणावं, तिला कुणीही बोल लावू नये. आज कळलं तर रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदणी केलेल्या डोनरच्या यादीत, दुसरा डोनर शोधता येतो, किंवा आईवडिलांपैकी कुणाचा अर्धा मॅच घेऊन हॅप्लो ट्रान्सप्लांटचा विचार करता येतो. केमोची बाटली चढल्यावर यातलं काहीही जुळवायला वेळ उरत नाही.