‘मणक्यात गॅप आहे, पलंग सोडू नका’ या मेसेजला उत्तर

नात्यागोत्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: कंबर दुखली की आधी एमआरआय काढा, मणक्यात गॅप किंवा मणक्यांमधली गादी (चकती) सरकलेली निघाली तर पंधरा दिवस पलंग सोडू नका, फळीवर झोपा, पट्टा कायम बांधा, आणि यापुढे वाकायचं नाही. पाठवणाऱ्याला काळजीच असते, पण यातल्या बऱ्याच सल्ल्यांनी दुखणं लांबतं.

‘आधी एमआरआय काढा.’ घोळ इथेच सुरू होतो. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज होती, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. म्हणजे पन्नाशीच्या बाईची कंबर भरली आणि रिपोर्टात झीज दिसली, तर दुखणं तिच्यामुळेच आहे असं म्हणता येत नाही. पण रिपोर्ट हातात पडतो आणि बाई घाबरते. आमच्या शेजारच्या काकूंनी त्या कागदापायी नातवाला उचलणं सोडलं, खाली बसून भाजी निवडणं सोडलं. कंबर मात्र आणखीच आखडली.

आणि गादी सरकते म्हणजे जागची हलत नाही. तिचं बाहेरचं आवरण फाटून आतला मऊ गर बाहेर येतो. शरीरातल्या पेशी तो गर खाऊन टाकू लागतात, आणि पुष्कळ रुग्णांत काही महिन्यांत तो ऑपरेशनशिवाय आक्रसतो. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

‘पलंग सोडू नका.’ हेलसिंकीच्या पालिका कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास १९९५ चा आहे. काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना व्यायाम दिले, बाकीच्यांना झेपेल तसं रोजचं काम करायला सांगितलं. सगळ्यांत लवकर बरे झाले ते हे कामातले लोक. उसण भरल्यावर पहिला दिवस-दीड दिवस पडून राहावंसं वाटणारच. तेव्हाही अधूनमधून उठा: कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत बसते व्हा. मग घरातल्या घरात चार पावलं टाका.

फळीचं म्हणाल तर स्पेनमधल्या २००३ च्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. पट्टा आणि वजन लावणं (कंबर ताणण्यासाठीचं ट्रॅक्शन), दोन्ही जुनाट कंबरदुखीत नेमाने वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय.

‘यापुढे वाकायचं नाही.’ वाकण्यासाठीच तर कणा सांध्यासांध्यांचा आहे! हळूहळू वाका, वजन थोडंथोडं वाढवा आणि चाला. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या चाचणीत, चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला मध्यतः २०८ दिवस लागले, न पाळणाऱ्यांची ११२.

खरी घाई कधी करायची, ते मात्र या मेसेजमध्ये नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीसोबत ताप, वजन घटणं, पूर्वीचा कॅन्सर किंवा टीबी असेल, किंवा म्हातारं माणूस पडलं असेल, तर तपासणी लांबवू नका. आपल्याकडे मणक्याचा टीबी आजही होतो, आणि एमआरआयची खरी गरज अशा वेळी असते.